दिल्लीतल्या एका झाडबेडकाचा तपास

मी दिल्लीला आठवडाभर राहून आले आणि लाल किल्ला पाहिला नाही. कुतुबमिनारही नाही. लोक विचारतात, "मग पाहिलंत तरी काय?" मी सांगते, "एक बेडूक." यावर पुढचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. म्हणून सविस्तर लिहून ठेवते आहे.

आधी आवश्यक तेवढी माहिती देते. मी चिपळूणला एका महाविद्यालयात कार्यालय अधीक्षक आहे. घरामागे बाग आहे, बागेच्या कडेला न्हाणीघर आहे आणि पावसाळ्यात तिथे झाडबेडूक येतात. अंगानं सडपातळ, डोळे मोठे, बोटांच्या टोकांना टिकलीएवढ्या गोल चकत्या. त्या चकत्यांच्या जोरावर ते गुळगुळीत भिंतीवर चढतात, नळाच्या तोटीवर बसतात, तांब्यात झोपतात. आमच्याकडे पाणी घेण्याआधी तांब्यात डोकावून पाहायची रीतच आहे. मी गेली नऊ वर्षं त्यांची वही ठेवते. क्रमांक, दिसल्याची जागा, खूण आणि शेरा. ही वही कधी चुकत नाही, असं मी या प्रवासापूर्वी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे.

माझी धाकटी बहीण सुधा लग्नानंतर दिल्लीला गेली. आधी बरीच वर्षं आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये होती, आता द्वारकेला एका सोसायटीत पहिल्या मजल्यावर राहते. ऑगस्टमध्ये तिचा फोन आला.

"ताई, तू ये. बिल्कुल लगेच ये."

"काय झालं?"

"आमच्या सोसायटीत बंद पडलेलं कारंजं आहे ना, ज्यात मी कमळं लावलीत? ते बुजवून तिथे दोन गाड्यांचं पार्किंग करणार आहेत. रविवारी मीटिंग आहे. म्हणे डास होतात. मी रागाच्या भरात ग्रुपवर लिहिलं, की त्यात दुर्मीळ झाडबेडूक राहतो."

"राहतो का?"

"एकदा दिसला होता यार. फोटो पण काढला. पण फोटोत तो बटाट्यासारखा आलाय. सगळे हसले. सेक्रेटरी म्हणतात, रविवारपर्यंत सिद्ध करा."

ती कमळं तिनं पाच वर्षं वाढवली होती. फुटक्या टाइल्स स्वतः सिमेंटनं बसवल्या होत्या. फोनवर ती रडली नाही, पण मध्येच "चल, ठेवते" म्हणाली आणि ठेवला नाही. मी रजेचा अर्ज टाकला.

सोमवार : द्वारका

सामानाचे नग चार. कपड्यांची बॅग, खाऊची पिशवी (कोकम, कुळथाचं पीठ, फणसपोळी), कामाची पिशवी आणि छत्री. कामाच्या पिशवीत टॉर्च दोन, झाकणाला भोकं पाडलेली पारदर्शक प्लास्टिकची बरणी, पांढरा वाडगा, डाव आणि वही.

सुधाच्या घरी तिच्याखेरीज नसरीन भेटली. ही अंबाजोगाईची मुलगी, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करते आणि सुधाकडे एका खोलीत भाड्यानं राहते. मेहुणे कामानिमित्त बाहेरगावी होते, म्हणजे सुखरूप होते.

"मावशी, झाडबेडूक ना?" नसरीननं पुस्तकातून मान वर केली. "उभयचर. त्वचेतून श्वसन. पर्यावरणाच्या आरोग्याचे निर्देशक. तीन मार्कांना येऊ शकतो."

"छान. उद्यापासून तू टॉर्च धर."

"जवळून नाही हं पाहिलेला कधी," ती म्हणाली, आणि पाय खुर्चीवर वर घेतले.

जेवताना मी दोघींना ओळखायच्या खुणा लिहून दिल्या. बोटांना चकत्या हव्यात. मागच्या पायांची बोटं पडद्यानं अर्धीच जोडलेली हवीत. कातडी गुळगुळीत हवी, चामखिळी असतील तर तो भेक. आणि मांडीच्या मागच्या बाजूला पिवळे ठिपके, ते तो उडी मारायला पाय पसरतो तेव्हाच दिसतात. रंगावर जाऊ नये. तो सकाळी चुन्यासारखा पांढरट असतो आणि संध्याकाळी तपकिरी होतो.

"दिल्लीत सगळेच असे असतात," सुधा म्हणाली.

मंगळवार : कारंजं

संध्याकाळी सातला कामाला लागलो. कारंजं म्हणजे गोल हौद, मधोमध सिमेंटचा मासा, त्याच्या तोंडातून पूर्वी पाणी येत असे म्हणतात. आता पावसाचं पाणी, कमळाची पानं आणि दगडी कठडा. मी पद्धतीप्रमाणे आधी डावानं पाणी काढून पांढऱ्या वाडग्यात पाहिलं. डासांच्या अळ्या: शून्य. पाच ठिकाणी पाहिलं, पाचही वेळा शून्य. पाण्यात मात्र साधे पाणबेडूक भरपूर होते. टॉर्च पडला की पाण्यावरून ठिकरीसारखे टप्पे घेत पळायचे. त्यांना चकत्या नव्हत्या, म्हणून ते 'इतर' या रकान्यात टाकले. एकूण चौदा. एक भेकही कठड्यावर बसला होता, पंचायतीच्या सभापतीसारखा. तोही 'इतर'.

सात चाळीसला आवाज आला. टक्. टक्. टक्.

झाडबेडकाचा आवाज अगदी असाच असतो, लाकडावर टिचकी मारल्यासारखा. मी हात वर केला. तिघी श्वास रोखून उभ्या. आवाज फाटकाच्या बाजूनं येत होता. आम्ही टॉर्च विझवून, वाकून, कण्हेरीच्या कुंपणाला धरून तीस पावलं गेलो. मी वेळ आणि दिशा वहीत टिपली. मग टॉर्च लावला.

सुरक्षारक्षक चहासाठी आलं कुटत होता.

"मैडम, आप भी लेंगी?" त्यानं विचारलं.

घेतला. चहा उत्तम होता. नोंद खोडली, पण नीट, एका रेघेनं, शेजारी सही करून.

परतताना सेक्रेटरी बत्राजी भेटले. गोरे, उंच, हातात प्लास्टिकची फाइल. कुठल्याशा मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले आणि तिथून अजून मनानं न निघालेले. "मिला आपका आलू?" त्यांनी सुधाला विचारलं. माझ्याकडे वळून म्हणाले, "मैडम, पेड़ वाला मेंढक दिल्ली में होता ही नहीं. पचास साल से यहाँ हूँ, एक नहीं देखा."

"पचास वर्षांत किती वेळा पाहायला गेलात?" असं मी विचारणार होते. हिंदी जुळवेपर्यंत लिफ्टचं दार लागलं.

बुधवार : हिंदूराव

दिल्लीत इतरत्र एखादा झाडबेडूक सापडला तर बत्राजींचा मुद्दा तरी पडेल, या हिशेबानं आम्ही मेट्रो पकडून उत्तरेकडच्या टेकडीवर गेलो. या टेकडीला रिज म्हणतात. हिंदूराव हे तिथल्या भागाचं नाव. जुन्या काळी ग्वाल्हेरहून आलेले मराठा सरदार हिंदूराव इथे राहत, त्यांचं नाव अजून टिकून आहे. मोठं रुग्णालयही त्याच नावाचं. मला उगाच बरं वाटलं. आपल्यापैकी कोणीतरी आधीच येऊन जागा धरून ठेवल्यासारखं.

रिजवर विलायती बाभळी, मोर आणि माकडं आहेत. बेडकांबद्दल तिथल्या माळ्याला विचारलं. त्यानं आधी आम्हा तिघींना, मग बरणीला नीट पाहिलं.

"दवाई बनानी है?"

"नहीं. सिर्फ देखना है."

"देख के?"

"लिखना है."

त्यानं सहानुभूतीनं मान हलवली आणि एक ओलसर नाला दाखवला. तिथे दोन तास गेले. फळ: दोन भेक, 'इतर'. वाटेत राम लड्डू घेतले होते. हे लाडू नव्हेत, मुगाच्या डाळीची भजी, वर किसलेला मुळा आणि हिरवी चटणी. चव आपल्या मूगभज्यांहून हलकी. नक्की कशी ते सांगता येणार नाही, कारण दुसरा घास घेण्याआधी एका माकडिणीनं येऊन द्रोण नेला. नसरीन किंचाळली, माझ्या हातून बरणी सुटली, माकडिणीनं ती उचलली, झाकणाच्या भोकांतून आत पाहिलं आणि रिकामी आहे असं दिसल्यावर तुच्छतेनं परत टाकली.

"तिला पण नाही सापडला," सुधा म्हणाली आणि हसत सुटली. आल्यापासून ती प्रथमच हसली होती, म्हणून मी द्रोणाचा विषय सोडून दिला.

गुरुवार : आर. के. पुरम

सुधाचं जुनं क्वार्टर. अंगणात तिनं लावलेला पेरू अजून आहे. आता तिथे ओडिशाचं कुटुंब राहतं. त्या बाईंनी आम्हाला न ओळखता बसवलं, पेरू कापून मीठ लावून दिले आणि मग कोण म्हणून विचारलं. बेडकाचं नाव काढताच त्या म्हणाल्या, "हमारे गाँव में तो बाथरूम में बैठता है, लोटे में." मी उठून त्यांचा हातच धरला. पण त्यांच्या दिल्लीच्या अंगणात कधी दिसला नव्हता. पेरूवर, केळीवर, कूलरच्या मागे सगळीकडे पाहिलं. कूलरमागे पाल होती.

परतताना मेट्रो धरली. द्वारका जवळ आल्यावर सुधा म्हणाली, "ताई, मला भास झाला असेल का? खरंच बटाटा असेल?"

"बटाटा कठड्यावर चढत नाही," मी म्हटलं. पण माझ्याही मनात आलंच होतं.

शुक्रवार

दुपारी पाऊस धरला तो सुटलाच नाही. संध्याकाळची वाट न पाहता कारंज्यावर छत्री घेऊन मोजणी केली (अळ्या शून्य, इतर सोळा) आणि भिजून वर आलो. नसरीन हातपाय धुवायला न्हाणीत गेली आणि आतून अतिशय शांत आवाजात म्हणाली,

"मावशी. निर्देशक आलाय."

गीझरच्या पाइपावर, पाय पोटाशी घेऊन, चुन्याच्या रंगाचा तो बसला होता. नसरीन बादलीवर उभी होती. सुधानं तोंडावर हात दाबला. मी हात पाण्यानं ओले केले, साबण न लावता, कारण साबणानं त्यांची कातडी जळते, आणि त्याला अलगद बरणीत घेतलं. चकत्या: आहेत. पडदा: अर्धा. कातडी: गुळगुळीत. त्यानं पाय पसरले तेव्हा मांडीवर पिवळे ठिपके दिसले, हळदीच्या थेंबांसारखे.

"झाडबेडूक," मी जाहीर केलं. सुधानं मला मिठी मारली, मग नसरीनला, मग बरणीला मारणार होती.

"पण हा इथे वर कसा?" नसरीननं बादलीवरूनच विचारलं.

"इथूनच तर खाली जात असेल," सुधा म्हणाली. "ही बघ ना, कुंडी. हिच्या पानांत बसत असेल. थंडीत मी ही इथेच गीझरखाली ठेवते, उन्हाळ्यात बाल्कनीत."

न्हाणीच्या खिडकीत सोनटक्क्याची कुंडी होती. मी तिच्याकडे पाहिलं. मग बरणीकडे. मग चष्मा पुसला.

बेडकाच्या मागच्या उजव्या पायाचं सर्वांत लांब बोट अर्धं होतं.

शनिवार

रात्र नीट गेली नाही. सकाळी वही उघडली आणि मागच्या वर्षीच्या पावसाळ्यातलं पान काढलं. 'क्रमांक ७. जागा: न्हाणी. खूण: मागच्या उजव्या पायाचं लांब बोट दारात सापडून तुटलेलं. शेरा: मंगळवारपासून दिसला नाही. त्याच दिवशी बागेत धामण. मृत.'

वहीच्या मागच्या बाजूला माझ्या प्रवासांच्या याद्या असतात. मागच्या वर्षी, त्याच मंगळवारी, मी दोन दिवसांसाठी सुधाकडे दिल्लीला निघाले होते. 'नग ३: सोनटक्क्याची कुंडी, न्हाणीजवळची. ओल्या गोणपाटात बांधून.' पुढे बरोबरची खूणही केली होती.

कुंडीची तपासणी केली होती का? मुंग्यांसाठी केली होती.

मी दोघींना दोन्ही पानं दाखवली. सुधा बराच वेळ वाचत राहिली.

"म्हणजे हा आपल्या घरचा?"

"हो."

"ताई, मग उद्या काही बोलायचं नाही. बेडूक आहे, झाडबेडूक आहे, बस. कुठला ते कोण विचारतंय?"

"विचारलं तर सांगणार."

"माझी पाच वर्षांची कमळं आहेत ती! तुझ्या एका रकान्यासाठी?"

नसरीननं मध्ये पडून सांगितलं, की पुस्तकाप्रमाणे एका प्रदेशातले जीव दुसरीकडे नेऊन सोडू नयेत. सुधा तिला म्हणाली, "तुला पण मग अंबाजोगाईला पाठवू का?" दुपारी तिघी तीन दिशांना तोंडं करून जेवलो. कुळथाचं पिठलं मात्र तिघींनी दोनदा घेतलं.

संध्याकाळी मी एकटीच खाली जाऊन मोजणी केली. अळ्या शून्य. इतर पंधरा.

रविवार : मीटिंग

सोसायटीच्या हॉलमध्ये तीसेक माणसं, समोसे आणि बत्राजी. मी टेबलावर बरणी ठेवली. सगळे वाकून पाहायला आले. एक आजोबा म्हणाले, "अरे, ये तो बड़ा शरीफ लगता है." मी चार खुणा समजावून सांगितल्या, माझ्या कोकणी हिंदीत, आणि लोकांना त्या पटल्या.

"चलो, मान लिया, ट्री फ्रॉग है," बत्राजी म्हणाले. त्यांनी चष्मा सारखा केला. "तो मैडम, ये दिल्ली का ही है?"

सुधानं डोळे मिटून घेतले.

"नाही," मी म्हटलं. "म्हणजे, नहीं. ये चिपळूण का है. मैं ही लाई. गलती से." आणि वहीची दोन्ही पानं उघडून त्यांच्यासमोर ठेवली.

हॉलमध्ये हशा झाला. मागून कोणीतरी म्हणालं, "पार्किंग पक्की!" सुधानं मान खाली घातली. मला त्या क्षणी वही उचलून तडक स्टेशन गाठावंसं वाटलं.

बत्राजी हसत नव्हते. ते वही वाचत होते. वाचता वाचता त्यांनी बोटाला थुंकी लावून पान उलटलं, मग आणखी एक. एका ओळीवर थांबले.

"ये काट के साइन किसने किया?"

"मी. तो आवाज अदरक का था."

"हूँ." आणखी एक पान. "ये रोज़ का... लार्वा? ज़ीरो, ज़ीरो, ज़ीरो. पाँच-पाँच जगह?"

"कल तक. रिज आणि आर. के. पुरम को गए थे, तब भी लौटके गिना. वो जो बाकी मेंढक हैं ना, 'इतर', पानी वाले, वो सब खा जाते हैं. मुझे वो चाहिए नहीं थे, इसलिए एक कोने में लिखे."

मागचा पार्किंगवाला म्हणाला, "बत्राजी, ये तो अपनी बहन के लिए लिख के लाई होंगी."

बत्राजींनी वही मिटली आणि तिच्यावर हात ठेवला. "भाई साहब, मैंने चौंतीस साल फाइलें देखी हैं. जिसने अपने ही खिलाफ़ लिख के, खुद ला के सामने रख दिया, उसका बाकी लिखा भी मानना पड़ेगा. डास... मच्छर इस हौद में नहीं हैं. तो हौद भरने का जो कारण दिया था, वो गया."

त्यांच्या तोंडून 'डास' कसा निघाला कोण जाणे. सहा दिवस आमच्या मागे उभं राहून ऐकत असावेत.

हात वर करून मतं घेतली. कारंजं राहिलं. मात्र दोन अटींवर. पहिली, अळ्यांची वही दर आठवड्याला सुधानं भरायची आणि बत्राजींनी तपासून सही करायची. सुधानं आयुष्यात वाण्याची यादीसुद्धा केलेली नाही. तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

दुसरी अट खुद्द बेडकासाठी होती. "बाहर से आया है, साल भर से रह रहा है, और वेरिफिकेशन नहीं हुआ?" बत्राजी गंभीरपणे म्हणाले. दिल्लीत भाडेकरू ठेवला की त्याचा फॉर्म भरावा लागतो. नसरीननं स्वतःचा भरला होता, म्हणून तिलाच बसवलं. नाव: क्रमांक सात. मूळ पत्ता: न्हाणीघर, चिपळूण. कोणी आणला: माझं नाव. ओळखीची खूण: बोट अर्धं. व्यवसाय या रकान्यात तिनं 'निर्देशक' लिहिलं.

"याला मी परत नेते," मी म्हटलं. "चूक माझी होती."

"अब कैसे ले जाएँगी?" बत्राजींनी फॉर्मवर शिक्का मारला. "सोसाइटी छोड़ने के लिए एनओसी लगेगी. कमेटी की अगली बैठक दिसंबर में है."

संध्याकाळी सुधानं बरणी कारंज्याच्या कठड्यावर उघडली. क्रमांक सात बाहेर आला, सिमेंटच्या माशाच्या डोक्यावर चढला आणि तिथे बसून हळूहळू तपकिरी झाला. नसरीन त्याच्यापासून दोन हातांच्या अंतरावर, जमिनीवर उभी होती. याआधी ती बादलीवर असे. फाटकापाशी आलं कुटल्याचा आवाज आला. माशावरून उत्तर गेलं: टक्. टक्.

परतल्यावर

जाणाऱ्यांसाठी सूचना: रिजवर खाऊ उघडू नये. राम लड्डू मेट्रो स्टेशनजवळच उभ्यानं खावेत. कोणालाही कुंडी भेट देण्याआधी पान न् पान उलटून पाहावं, मुंग्यांपलीकडेही.

चिपळूणला आल्यावर आधी सामानाचे नग मोजले. चारच होते. छत्री झटकली, पिशव्या उलट्या केल्या, बरणीत दोनदा पाहिलं. मग वही काढली. धामणीवरचा आरोप एका रेघेनं खोडला. क्रमांक सातपुढचा 'मृत' खोडला, शेजारी सही केली आणि नवा शेरा लिहिला: 'दिल्लीला बदली.'